प्लाऊ लेनची वाट: विम्बल्डनच्या छोट्या क्लबचं व्हायचं असेल तर

लंडनला नोकरीला किंवा शिकायला आलेली मराठी मुलं पहिल्या महिन्याभरात एक प्रश्न हमखास विचारतात: आर्सेनलचं तिकीट कसं मिळवायचं? मिळतं. आधी पैसे भरून सभासद व्हायचं, मग सोडतीत नाव लागायची वाट बघायची, आणि लागलंच तर तिकिटाचे चांगलेच पैसे मोजायचे. एकदा जाऊन या, तो अनुभव मोठाच असतो. पण दर पंधरवड्याला जाता येईल, शेजारचा माणूस नावानं हाक मारेल आणि आपण गेलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल, असा फुटबॉल हवा असेल तर दक्षिण लंडनला या. एएफसी विम्बल्डनकडे.

मी कोल्हापूरची. वडिलांचा हात धरून शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, म्हणजे आमच्याकडच्या पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने, बघत मोठी झाले. लंडनला आल्यावर टूटिंगला भाड्यानं खोली घेतली, आणि एका शनिवारी निळे-पिवळे स्कार्फ घातलेली माणसं एकाच दिशेनं चालत निघालेली दिसली म्हणून त्यांच्या मागोमाग गेले. तेव्हा मला कुणी चार गोष्टी सांगायला हव्या होत्या. त्या इथं लिहिते आहे. लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी तर आहेतच, पण पुण्यात किंवा नागपुरात बसून एखाद्या छोट्या क्लबचं व्हावंसं वाटतं त्यांच्यासाठीही आहेत.

पहिली पायरी: 2002 समजून घ्या

मैदानावर जाण्याआधी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं मात्र वाचा. विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. त्याच गावात 1889 साली एक फुटबॉल क्लब निघाला. बरीच वर्षं तो हौशी पातळीवर खेळला. 1977 साली त्याला फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या वरच्या चार विभागांत, प्रवेश मिळाला, 1986ला, म्हणजे नऊच वर्षांत, तो सर्वांत वरच्या विभागात पोचला. आणि 14 मे 1988ला वेम्बलीवर त्या काळच्या बलाढ्य लिव्हरपूलला 1-0 असं हरवून त्यानं एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या छोट्यामोठ्या क्लबांच्या बाद फेरीच्या स्पर्धेचा चषक, उचलला. लॉरी सँचेझनं डोक्यानं मारलेला गोल आणि गोलरक्षक डेव्ह बीसंटनं अडवलेली जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी, या दोन गोष्टी मैदानावर तुम्हाला कुणीही डोळे मिटून सांगेल. वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात अडवली गेलेली ती पहिलीच पेनल्टी.

1991ला क्लबनं आपलं जुनं मैदान, प्लाऊ लेन, सोडलं आणि क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला. तात्पुरतं म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. 2001 साली मालकांनी जाहीर केलं की क्लब मिल्टन कीन्सला न्यायचा, जवळजवळ 90 किलोमीटरवर. समर्थकांनी मोर्चे काढले, सामन्यांवर बहिष्कार टाकला. 28 मे 2002ला फुटबॉल असोसिएशननं (एफए) नेमलेल्या तीन जणांच्या आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं स्थलांतराला परवानगी दिली.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. उद्या कुणी पाटाकडील तालमीचा संघ उचलून कराडच्या पलीकडं नेला, जर्सी तीच, नाव तेच, आणि म्हणाला की घ्या, हीच तुमची तालीम, तर पेठ काय करेल? पेठ गप्प बसणार नाही. विम्बल्डनही बसलं नाही. निकालानंतर दोन दिवसांत सभा झाली आणि तिथंच नवा क्लब, एएफसी विम्बल्डन, काढायचं ठरलं. 29 जूनला विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर निवड चाचणी ठेवली, ज्याला खेळता येतं त्यानं यावं. 230 जण आले. ऑगस्टमध्ये नवा संघ कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉलच्या नवव्या पायरीवर, खेळायला उतरला. सँडहर्स्ट टाउनच्या इवल्याशा मैदानावरच्या पहिल्या लीग सामन्याला 2,449 माणसं होती.

पुढची चढण पायरीपायरीनं झाली. फेब्रुवारी 2003 ते डिसेंबर 2004 या काळात लीगचे सलग 78 सामने न हरण्याचा इंग्लिश विक्रम झाला. 21 मे 2011ला मँचेस्टरमध्ये ल्यूटन टाउनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून हा क्लब फुटबॉल लीगमध्ये परतला. स्थापनेपासून पुन्हा नऊच वर्षं. आणि 3 नोव्हेंबर 2020ला तो घरी आला. जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, जिथं पूर्वी कुत्र्यांच्या शर्यती व्हायच्या त्या जागेवर, नवं प्लाऊ लेन उभं राहिलं. पैसे कमी पडले तेव्हा समर्थकांनी रोखे घेऊन पन्नास लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली होती. करोनामुळं डॉनकॅस्टरविरुद्धचा तो पहिला सामना रिकाम्या मैदानावर झाला. एकोणतीस वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस लोकांनी घरात पडद्यावर पाहिला. माझ्या शेजारी उभे राहणारे एक आजोबा हे सांगताना अजूनही मध्येच थांबतात.

एवढं माहीत असलं की मैदानावरची निम्मी गाणी, निम्मे टोमणे आणि सगळे अश्रू कळतात.

एका शब्दाची काळजी

आयपीएलमुळं आपल्याकडे ‘फ्रँचाइज’ हा साधा, रोजचा शब्द झाला आहे. मुंबईची फ्रँचाइज, पुण्याची फ्रँचाइज. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. प्लाऊ लेनवर ती शिवी आहे. मिल्टन कीन्सला गेलेल्या क्लबचं आजचं नाव इथले लोक शक्यतो तोंडातून काढत नाहीत, ‘फ्रँचाइज’ एवढंच म्हणतात. म्हणून आपल्याच क्लबबद्दल बोलताना ‘तुमची फ्रँचाइज छान आहे’ असं कौतुकानंसुद्धा म्हणू नका. नव्या माणसाला लोक समजून घेतात, पण चेहरा पडतो.

‘डॉन्स’ किंवा ‘वॉम्बल्स’ म्हणा. वॉम्बल म्हणजे विम्बल्डन कॉमनवर राहणारे, लोकांनी टाकलेला कचरा वेचणारे मुलांच्या गोष्टींतले केसाळ प्राणी. क्लबचा शुभंकरही वॉम्बलच आहे. त्याचं नाव हेडन, जवळच्या हेडन्स रोड स्टेशनवरून ठेवलेलं.

दुसरी पायरी: शिडी ओळखा

हे पाच मिनिटांचं काम आहे. सर्वांत वर प्रीमियर लीगचे 20 क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी 24. एकूण 92. याखाली नॅशनल लीग आणि तिच्याही खाली शेकडो क्लब. लीग वनमध्ये पहिले दोन थेट वर जातात, तिसरा ते सहावा यांच्यात प्ले-ऑफ होऊन आणखी एक जातो, शेवटचे चार खाली येतात. हंगामात लीगचे 46 सामने, त्यांतले 23 घरच्या मैदानावर. विम्बल्डन 2022ला लीग वनमधून खाली घसरलं होतं; 26 मे 2025ला वेम्बलीवर वॉल्सॉलला 1-0 हरवून पुन्हा तिथं पोचलं. ही वर-खाली होण्याची शक्यता खरी असते, म्हणून एप्रिलमधला तळाच्या दोन संघांचा सामनासुद्धा श्वास रोखून बघावा लागतो. बंद दाराच्या, म्हणजे कुणीच वर-खाली न होणाऱ्या, लीग बघून आलेल्यांना ही गोष्ट अंगवळणी पडायला एक हंगाम लागतो.

तिसरी पायरी: पहिला सामना

तिकीट क्लबच्या संकेतस्थळावरून काढा. मैदानात नऊ हजारांहून थोडी जास्त माणसं मावतात, म्हणून मोठा सामना असेल तर आधी काढा. एरवी आठवडाभर आधी पाहिलं तरी बहुतेक वेळा मिळतं. काढताना एकच गोष्ट नीट बघा: आपण घरच्या समर्थकांच्या भागातलं तिकीट घेतोय ना. पाहुण्या समर्थकांचा भाग वेगळा असतो आणि तिथं निळा-पिवळा स्कार्फ घालून बसता येत नाही.

बसायचं की उभं राहायचं, हा खरा प्रश्न. लहान मुलं किंवा भारतातून आलेले आईवडील बरोबर असतील तर खुर्चीची जागा घ्या. एकटे असाल किंवा मित्रांबरोबर असाल तर गोलामागं उभं राहून बघायच्या जागेत जा. सगळी गाणी तिथं सुरू होतात. पहिल्या दिवशी मला एक ओळही कळली नाही, फक्त ताल कळला. चार सामन्यांत शब्द आपोआप आले. घरी बसून पाठ करू नका, तिथं शिकण्यात मजा आहे.

यायचं कसं? हेडन्स रोड हे रेल्वे स्टेशन सर्वांत जवळ, दहाएक मिनिटांवर. विम्बल्डन स्टेशनला डिस्ट्रिक्ट लाइन, रेल्वे आणि ट्राम तिन्ही येतात. तिथून वीसेक मिनिटं चाला. नॉर्दर्न लाइननं येणाऱ्यांनी टूटिंग ब्रॉडवेला उतरावं. मी तोच रस्ता सुचवेन, कारण वाटेत दक्षिण भारतीय हॉटेलं आहेत आणि थंडीत रिकाम्या पोटी दोन तास उभं राहण्यापेक्षा आधी गरम डोसा खाल्लेला बरा. मैदानावर चिप्स आणि ‘पाय’ (pie, आत सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ) मिळतात. शाकाहारी असाल तर खिडकीवर स्पष्ट विचारा, पायमध्ये काय आहे ते पाटीवरून नेहमी कळत नाही. गाडी आणू नका, लावायला जागा मिळत नाही.

कपड्यांचं मनावर घ्या. नोव्हेंबर ते मार्च तीन थर, जाड मोजे आणि कानटोपी. स्कार्फ मैदानावरच्या दुकानातून पहिल्याच दिवशी घ्या. जर्सी नंतर घेतली तरी चालेल, स्कार्फ मात्र लगेच.

बिअर घेऊन जागेवर जाता येत नाही. इंग्लंडमधल्या वरच्या पाच पायऱ्यांवरच्या सामन्यांत मैदान दिसेल अशा जागी दारू पिणं कायद्यानं बंद आहे. चहा चालतो. मध्यंतरात चहाच्या रांगेत जेवढ्या ओळखी होतात तेवढ्या दुसरीकडे कुठं होत नाहीत, तेव्हा रांग मोठी दिसली तरी उभे राहा.

आता एक अवघड गोष्ट. आपल्या कातडीचा रंग बघून कुणी काही बोलेल का, ही धास्ती घेऊन बरेच जण पहिल्यांदा जातच नाहीत. मलाही ती होती. प्लाऊ लेनवर माझं स्वागतच झालं, पण इंग्लंडच्या मैदानांवर वर्णद्वेषी बोललं जातं हे खोटं नाही. असं काही ऐकलंत तर गिळून बसू नका. जवळच्या स्टुअर्डला, म्हणजे मैदानावर व्यवस्था बघणाऱ्या माणसाला, जागेचा क्रमांक सांगा, किंवा ‘किक इट आउट’ या संस्थेच्या ॲपवरून तक्रार करा. दखल घेतली जाते. आणि शेजाऱ्यांना सांगा. छोट्या मैदानावर शेजारी तुमच्या बाजूनं उभे राहतात, हे मी पाहिलं आहे.

चौथी पायरी: वर्गणी आणि मत

इथं हा क्लब इतरांपेक्षा वेगळा होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. एएफसी विम्बल्डनची बहुमताची मालकी ‘डॉन्स ट्रस्ट’ या समर्थकांच्या संस्थेकडे आहे. तुम्ही वर्षाची वर्गणी भरलीत की सभासद होता आणि तुम्हाला एक मत मिळतं. ज्याच्याकडे लाखो पौंड आहेत त्यालाही एकच मत. ट्रस्टचं मंडळ सभासद निवडून देतात. मोठ्या निर्णयांवर सर्वसाधारण सभेत वाद होतात आणि मग मतदान. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाची वार्षिक सभा पाहिलेल्या कुणालाही इथं परकं वाटणार नाही: तोच हिशेब, तीच हमरीतुमरी आणि नंतर तोच एकत्र चहा.

पहिल्या वर्षी वर्गणी भरा आणि सभेत नुसतं ऐका. मैदानाचं कर्ज किती, खेळाडूंच्या पगाराला किती, बाहेरच्या गुंतवणूकदाराला किती हिस्सा द्यायचा, हे प्रश्न तुमच्यासमोर मांडले जातात. ही उत्तरं सोपी नाहीत. समर्थकांची मालकी म्हणजे श्रीमंत मालकाच्या पैशाशिवाय स्पर्धा करायची, आणि त्याची किंमत कधी कधी गुणतक्त्यावर दिसते. तरीही 2002 पाहिलेली माणसं मालकी सोडायला का तयार नसतात, ते तिथं बसल्यावर कळतं. ज्यांच्याकडून एकदा क्लब नेला गेला, ते किल्ली दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

मग कामाला लागा. मराठीत याला छान शब्द आहे, कार्यकर्ता. सामन्याच्या दिवशी माहितीपुस्तिका विकणं, नव्या लोकांना वाट दाखवणं, अशी कितीतरी कामं स्वयंसेवक करतात. मैदानाबाहेरही काम आहे. मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा समर्थकांनी ‘डॉन्स लोकल ॲक्शन ग्रुप’ सुरू केला. घरोघरी किराणा पोचवला, जुने संगणक दुरुस्त करून शाळकरी मुलांना दिले. टाळेबंदी संपली, गट थांबला नाही. इंग्रजी बोलायला बुजणाऱ्या नवख्या माणसानं सुरुवात इथून करावी असं मला वाटतं. बटाट्यांच्या पिशव्या भरताना व्याकरण कुणी तपासत नाही, आणि दोन तासांत दहा माणसं ओळखीची होतात.

पाचवी पायरी: बाहेरगावचा सामना

हंगामात एकदा तरी जाच. समर्थकांच्या बसेस असतात. सकाळी लवकर निघायचं, तीन-चार तास प्रवास, दोन तास सामना, परत तेवढाच प्रवास. पर्यटक म्हणून कधी न दिसणारं इंग्लंड या बसमधून दिसतं: बंद पडलेल्या गिरण्यांची गावं, खाणींची गावं, बंदरं. डब्यात पोळीभाजी जास्त घ्या. मी एकदा मेथीचे ठेपे नेले होते, पुढच्या वेळी बसमध्ये चढताच डब्याची चौकशी झाली.

भारतातून पाठराखण करायची असेल तर

शनिवारी दुपारी 3चा सामना म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे 7:30, हिवाळ्यात रात्रीचे 8:30. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं एक तास मागं जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढं, तेवढं लक्षात ठेवा. मंगळवारचा 7:45चा सामना मात्र आपल्याकडे मध्यरात्रीनंतर 12:15 किंवा 1:15ला सुरू होतो. एक गंमत अशी की इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे, लोकांनी आपापल्या गावच्या मैदानावर जावं म्हणून. ही बंदी परदेशात नसते. क्लबच्या संकेतस्थळावर प्रक्षेपणाची काय सोय आहे ते हंगामाच्या सुरुवातीला बघा, आणि चित्र नसेल तर कॉमेंट्री ऐका. रेडिओवर क्रिकेट ऐकून मोठ्या झालेल्या घरांना ते जमतं.

लांबून असाल तरी डॉन्स ट्रस्टची वर्गणी भरा. आणि एका हंगामात तीन क्लब धरू नका. एकच धरा, त्याच्या राखीव गोलरक्षकाचंसुद्धा नाव ठाऊक होईल इतका.

शेवटची पायरी: हरणं

ही कुणी शिकवत नाही. छोटा क्लब धरला की हार वारंवार येते, आणि कधी कधी ती मैदानावर येतच नाही, नदीतून येते. सप्टेंबर 2024मध्ये मुसळधार पावसानं शेजारची वँडल नदी पात्राबाहेर आली, पाणी मैदानात घुसलं आणि गवताखालची जमीन खचून खड्डे पडले. न्यूकॅसलविरुद्धचा लीग कपचा सामना घरी होणार होता. प्रीमियर लीगचा संघ प्लाऊ लेनवर, आम्ही महिनाभर त्याचीच वाट बघत होतो. तो उचलून न्यूकॅसलला न्यावा लागला, आणि 1 ऑक्टोबरला तिथं आम्ही 1-0 असे हरलो. दुरुस्तीसाठी समर्थकांनी वर्गणी सुरू केली. त्याच हंगामाच्या शेवटी, मे महिन्यात, वेम्बलीवर मायल्स हिपॉलिटनं गोल केला आणि क्लब वर गेला.

हरल्यावर शिट्टीआधी उठून जाऊ नका. आपल्याच खेळाडूला शिव्या देऊ नका, विशेषतः नव्या पोराला. अकादमीतून आलेला असतो, त्याची आई बहुधा चार रांगा पुढं असते. सामना संपल्यावर खेळाडू आपल्या बाजूला येतात तेव्हा टाळ्या वाजवा, 0-3 असलं तरी. मग त्याच वाटेनं स्टेशनकडे चाला. आणि पुढचा सामना कितीही गारठ्यात असो, त्याच जागी, त्याच पायरीवर उभे राहा.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी तापानं दोन सामने चुकवले. तिसऱ्याला गेले तेव्हा ते आजोबा चहाचे दोन कप घेऊन उभे होते. एक माझ्या हातात दिला आणि मैदानावरची नजर न हटवता म्हणाले, “कुठं होतीस?”